मस्टरबाहेरचे तास: ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील नोकरी आणि स्वास्थ्य

2025 सालच्या जूनपासून डिसेंबरपर्यंत नोकरदाराच्या स्वास्थ्याचा प्रश्न निरनिराळ्या दारांनी चर्चेत आला. 9 जूनच्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा मृत्यू झाला. 29 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने घरापासून कामाच्या जागेपर्यंतच्या वाटेवर होणाऱ्या अपघातांबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. 3 सप्टेंबरला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. 21 नोव्हेंबरला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. डिसेंबरात सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर साहेबांचा फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक लोकसभेत पुन्हा मांडले. तसे विधेयक त्यांनी 2018 मध्येही आणले होते.

रेल्वे, न्यायालय, कामगार खाते आणि संसद या चौघांच्या फायली वेगळ्या. कल्याणहून सुमारे 54 किलोमीटरवरचे सीएसएमटी रोज गाठणाऱ्या माणसाला मात्र हे सगळे एकाच दिवसात, एकाच अंगावर झेलावे लागते. कामाचा ताण नेमका कशाने वाढतो, कोणत्या आधाराने कमी होतो, याबद्दल आज काय माहीत आहे आणि कशावर मतभेद आहेत, हे या पट्ट्यापुरते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

लोखंड्यांची यादी

या प्रश्नाचा इतिहास मुंबईच्या गिरणगावापासून सांगण्याची पद्धत आहे. तो ठाण्यापासूनही सांगता येतो, कारण नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 मध्ये ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून पुढे मुंबईत एका गिरणीत भांडारपाल झालेल्या या सत्यशोधकाने 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. मागण्या मोजक्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागल्या महिन्याचा पगार 15 तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडला.

या यादीत पगारवाढ नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वेळेवरचा ताबा, विसावा, मोबदल्याची शाश्वती आणि इजेनंतरचा आधार एवढेच मागितले होते. शंभर वर्षांनी मानसशास्त्रज्ञ जे सिद्धांत मांडणार होते, त्यांचा मजकूर या निवेदनात बराचसा येऊन गेला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

पुढचा टप्पा याच जिल्ह्यातला. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि त्याचा कारभार सुरू झाला तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून. मग डोंबिवली आणि अंबरनाथच्या एमआयडीसी उभ्या राहिल्या. शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि मोहोन्याची एनआरसी हे कारखाने या पट्ट्यात होतेच. त्या काळच्या मोठ्या कारखान्याबरोबर वसाहत येई, शाळा येई, दवाखाना आणि कॅन्टीन येई. राज्याकडून कामगार विमा योजनेची रुग्णालये मिळाली. 1953 च्या कायद्यातून कामगार कल्याण निधी आला, आणि त्यातून वाचनालये, शिवणवर्ग व नाट्यस्पर्धा चालवणारी कल्याण केंद्रे आली. आज कॉर्पोरेट भाषेत ज्याला ‘वेलनेस’ म्हणतात, त्याचे हे सरकारी आणि बरेच टिकाऊ रूप होते.

त्याची मर्यादा 2009 मध्ये उघडी पडली. एनआरसी बंद झाली, तेव्हा मोहोन्याच्या कामगाराची नोकरी गेलीच, शिवाय नोकरीला बांधलेले घर, शाळा आणि दवाखानाही धोक्यात आले, आणि थकीत देण्यांचा लढा पुढे वर्षानुवर्षे चालला. मालकाने दिलेला आधार मालकाबरोबरच जातो. तो नोकरीला बांधावा की नागरिकाला, हा वाद तेव्हापासून आहे तिथेच आहे.

संशोधन काय म्हणते

या क्षेत्रातल्या अभ्यासाचा कणा तीन कल्पनांवर उभा आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडले की कामाचा बोजा एकट्याने माणसाला मोडत नाही. बोजा जास्त आणि काम कसे, केव्हा करायचे यावर ताबा नाही, ही जोडी घातक ठरते. पुढे त्यात सहकाऱ्यांच्या व वरिष्ठांच्या आधाराची तिसरी बाजू जोडली गेली. योहानेस सीग्रिस्ट यांनी 1996 मध्ये श्रम आणि मोबदला यांतल्या तफावतीवर बोट ठेवले. मोबदल्यात त्यांनी पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. 2001 मध्ये डेमेरुती, बाकर आणि सहकाऱ्यांनी कामाच्या ‘मागण्या’ आणि ‘संसाधने’ अशी सर्वसमावेशक मांडणी केली. ब्रिटिश सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासानेही दाखवले की हृदयविकाराचा धोका साहेबापेक्षा ताबा नसलेल्या कारकुनाला अधिक असतो.

तासांबद्दलचा सर्वांत वजनदार आकडा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या संयुक्त अभ्यासातला आहे. आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्के अधिक आढळला. 2016 या एका वर्षात जगभरात 7,45,000 मृत्यू याच्याशी जोडले गेले. भारताच्या 2024-25 च्या आर्थिक पाहणी अहवालानेही दीर्घ तासांच्या मानसिक परिणामांची दखल घेतली.

हे सिद्धांत घडले ते मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या पक्क्या नोकऱ्या पाहून. वागळे इस्टेटमधल्या पंधरा माणसांच्या शॉपमध्ये, जिथे मालक स्वतः लेथवर उभा असतो आणि कामगार कंत्राटदाराचा असतो, तिथे ‘वरिष्ठांचा आधार’ कसा मोजायचा? भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला प्रश्नावली भरून द्यायला कोणी सांगत नाही.

बारा तासांचा वाद

सप्टेंबर 2025 च्या निर्णयाचा तपशील असा: कारखान्यांत दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास, सलग 5 ऐवजी 6 तासांनंतर विश्रांती, आणि तिमाहीत ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तास. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांत दिवस 9 वरून 10 तासांचा. त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक आणि जादा कामाला दुप्पट मोबदला.

सरकार आणि उद्योजकांची बाजू अशी की आठवड्याची 48 तासांची चौकट मोडत नाही. मोठी ऑर्डर आली की लवचीकता लागते, आणि अनेक ठिकाणी बारा तासांचे काम आधीच होते, फक्त कागदावर नाही. ते कागदावर आले तर दुप्पट ओव्हरटाइम मागता तरी येईल. कर्नाटक, तमिळनाडू, तेलंगणसारखी राज्ये अशा बदलांकडे वळली असताना महाराष्ट्राने मागे का राहावे, असाही युक्तिवाद झाला. कामगार संघटना संमतीवर बोट ठेवतात. कंत्राटी कामगाराला उद्याचा गेटपास कंत्राटदाराच्या मर्जीवर मिळतो. त्याने लेखी नकार द्यायचा तो कोणाला? शिवाय तीनऐवजी दोन पाळ्या झाल्या तर एक पाळी माणसे कमी लागतील, ही त्यांची भीती.

दोन्ही बाजू एका गोष्टीवर फारसे बोलत नाहीत. ओव्हरटाइम ही या पट्ट्यातल्या कामगाराची अनेकदा स्वतःची मागणी असते, कारण मूळ पगारात घरभाडे आणि क्लासची फी भागत नाही. तासांचा प्रश्न पगाराच्या प्रश्नापासून सुटा काढला की दोन्हीकडची उत्तरे अर्धी राहतात.

पांढरपेशा नोकऱ्यांत वाद वेगळ्या सुरात चालतो. नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे म्हटले. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे 90 तासांचे वक्तव्य गाजले. या दोहोंच्या मध्ये, 2024 च्या सप्टेंबरमध्ये, एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण कंपनीच्या पुणे कार्यालयात रुजू होऊन चारच महिने झालेल्या तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. मृत्यू कामाच्या ताणाने झाला हे कंपनीने मान्य केले नाही. पण नंतर त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली योग्य नोंदणीच नव्हती असे कामगार खात्याच्या तपासणीत आढळले. काचेच्या इमारतीत असा कायदा लागू असतो, हे घोडबंदर किंवा ऐरोलीत काम करणाऱ्या अनेकांना तेव्हाच कळले असावे.

प्रवास कोणाच्या खात्यात?

बाहेरच्या अभ्यासांतून जे सुटते आणि इथे सुटून चालत नाही, ते म्हणजे लोकल. डोंबिवली ते सीएसएमटी सुमारे 48 किलोमीटर. घराच्या दारापासून टेबलापर्यंत दीड-दोन तास आणि तेवढेच परत. मस्टरवर नऊ तास, माणसाच्या अंगावर बारा-तेरा. सीट मिळावी म्हणून ठाणे-डोंबिवलीहून आधी उलटे कल्याणला जाणारे आहेत. चौथ्या सीटवर अर्धे टेकून बसण्यालाही ‘बसायला मिळाले’ म्हणतात. दिवसाचा हा भाग कॅरासेकच्या व्याख्येत चपखल बसतो: बोजा प्रचंड, ताबा शून्य.

तो जिवावरही उठतो. 2023 मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 2,590 प्रवाशांचा मृत्यू झाल्याची माहिती जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायालयाने कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली. आपोआप बंद होणारे दरवाजे, जादा फेऱ्या, वातानुकूलित गाड्या हे रेल्वेचे उपाय. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका खुली झाली, तरी गर्दीच्या वेळेची कोंडी फुटली नाही.

दुसरी मांडणी म्हणते, गाड्या वाढवून पुरणार नाही, कार्यालयांच्या वेळा विभागा. मध्य रेल्वेने शेकडो कार्यालयांना तशी पत्रे लिहिली आणि 2023 च्या अखेरीस मुंबई विभागाच्या स्वतःच्या कार्यालयात दोन वेगळ्या वेळा ठेवून पाहिल्या. प्रतिसाद थंड. कंपन्यांचे म्हणणे, बैठका आणि ग्राहक यांची वेळ एकच असते. कर्मचाऱ्यांपैकी काहींचेही म्हणणे असते की उशिरा सुटलो तर मुले झोपल्यावर घरी पोचू.

तिसरी मांडणी घरून कामाची. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एका चिनी प्रवास-कंपनीतल्या 1,612 कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्याने कामगिरी घटली नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. इथल्या वन-रूम-किचनमध्ये, जिथे कोरोनाकाळात मुलाचा ऑनलाइन वर्ग, सासऱ्यांचा टीव्ही आणि सुनेचा कॉल एकाच खोलीत चालत होते, तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे आहे. पण दोन दिवस लोकल टळली तर काय फरक पडतो, याचा अंदाज इथे कोणालाही सांगावा लागत नाही.

बाईचा दिवस

केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 289 मिनिटे देतात, पुरुष 88. नोकरी करणाऱ्या बाईला ही मिनिटे 8 च्या लोकलच्या आधी आणि 7 च्या लोकलनंतर बसवावी लागतात. कायद्याने दिलेले आधार कागदावर कमी नाहीत: 2017 पासून 26 आठवड्यांची प्रसूती रजा, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर, 2013 च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती. पाळणाघराची तरतूद मात्र या पट्ट्यासाठी जरा विचित्र आहे. कार्यालय फोर्टात असेल तर तान्ह्या बाळाला डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलमध्ये कोण नेणार? पाळणाघर घराजवळ हवे, आणि घराजवळच्या पाळणाघराचा खर्च मालकाने उचलावा की नाही, हे ठाम ठरलेले नाही.

ही पोकळी शहराने स्वतःच भरली. डोंबिवली-ठाण्यातली पोळीभाजी केंद्रे ही नोकरदार बाईच्या स्वास्थ्याची बहुधा सर्वांत परिणामकारक यंत्रणा आहे, आणि ती कोणत्याही कंपनीच्या अहवालात येत नाही. लेडीज डब्यातला ग्रुपही तसाच. परतीच्या वाटेवर भाजी निवडणे, डब्यातले हळदीकुंकू, कोणाच्या साहेबाची कागाळी, कोणाच्या मुलीचे स्थळ. 1992 मध्ये कल्याणच्या मार्गावर लेडीज स्पेशल आली, तिचा हिशेब रेल्वेने आसनांत केला असेल. तिने दिलेले मैत्रीचे जाळे त्या हिशेबात नव्हते. त्याच वेळी हेही नोंदवायला हवे की पोळ्या लाटणाऱ्या बाईला स्वतःला ना विमा असतो ना हक्काची रजा. एकीचा आधार दुसरीच्या असुरक्षित कामावर उभा आहे.

माणूस दुरुस्त करायचा की काम?

आधार कसा द्यावा यावर दोन घराणी आहेत. पहिले व्यक्तीवर भर देते: समुपदेशन, ध्यान, ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा, हेल्पलाइन. ठाणे याबाबत नशीबवान शहर आहे. 1901 पासूनचे मनोरुग्णालय इथे आहे, आणि 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत, संकोच न करता बोलण्याची सवय लावली. केंद्राची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. ‘वेड्यांचे हॉस्पिटल’ म्हणून कुजबुजणाऱ्या गावात आज नोकरदार समुपदेशकाची वेळ घेतात, हा बदल छोटा नाही.

दुसरे घराणे विचारते की माणूस सावरून पुन्हा त्याच टार्गेटखाली पाठवला तर उपयोग काय. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासून 2024 मध्ये दाखवले की ध्यान, लवचीकता-प्रशिक्षण यांसारख्या वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणाऱ्यांचे स्वास्थ्य न घेणाऱ्यांपेक्षा बरे आढळत नाही. अपवाद फक्त स्वयंसेवी कामाचा. टीकाकारांनी याकडे लक्ष वेधले की अशी पाहणी एका क्षणाची असते आणि आधीच त्रासलेलेच वर्गाला येत असतील, तर तुलना फसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना दोन्ही प्रकार सांगतात आणि व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणावर भर देतात. पण बहुतेक शिफारशींमागचा पुरावा कमी खात्रीचा आहे, हेही त्या नमूद करतात. 2019 मध्ये याच संघटनेने ‘बर्नआउट’ला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले होते. म्हणजे कारण कामात शोधा, असे सुचवले होते.

माझा कल दुसऱ्या घराण्याकडे आहे, पण पहिल्याला मोडीत काढण्याइतका नाही. ज्याला आज रात्री झोप येत नाही, त्याला पाळ्यांची फेररचना होईपर्यंत थांबा असे सांगता येत नाही.

रासायनिक पट्ट्यात मात्र हा वाद चैनीचा वाटतो. डोंबिवलीत 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीतल्या स्फोटात 12 जण गेले. 23 मे 2024 रोजी अमुदान केमिकल्समधल्या स्फोटात पुन्हा दहाहून अधिक. मधल्या काळात, 2022 मध्ये, 156 धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय झाला. रहिवासी म्हणतात हलवा. उद्योजक खर्च आणि जागा विचारतात. कामगार विचारतो की कारखाना रायगडात गेला तर मी कुठे जाऊ. इथे स्वास्थ्य म्हणजे संध्याकाळी धडपणे घरी येणे.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न कक्षेचा. नव्या संहितेत ‘कारखाना’ ठरण्यासाठी वीज वापरणाऱ्या जागी कामगारांची किमान संख्या 10 वरून 20 झाली. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीतल्या कित्येक छोट्या युनिटांचे काय, हे राज्याच्या नियमांवर आणि तपासणीच्या इच्छेवर अवलंबून आहे. कामगार विमा योजनेची 21,000 रुपयांची पगारमर्यादा 2017 पासून तशीच आहे. थोडी पगारवाढ मिळाली की काही जण योजनेबाहेर पडतात आणि खासगी विम्यातही नीट बसत नाहीत.

दुसरा प्रश्न नोंदीचा. कारखान्यातली इजा एका कार्यालयात, रुळावरचा मृत्यू दुसऱ्या आणि रक्तदाबाचा रुग्ण तिसऱ्या ठिकाणी नोंदला जातो. या तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या असू शकतात, पण त्या एकत्र ठेवून पाहण्याची सोय नाही. वेळा विभागल्याने किंवा आठवड्यात दोन दिवस घरून काम दिल्याने कल्याण-डोंबिवलीकराच्या प्रकृतीत काय फरक पडतो, हा साधा अभ्यास त्यामुळे अवघड होऊन बसतो.

तिसरा प्रश्न जुलैच्या त्या निकालातून आला आहे. तो खटला आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या रखवालदाराचा होता. पहाटे 3 च्या पाळीसाठी निघालेला हा माणूस 2003 मध्ये कारखान्यापासून सुमारे 5 किलोमीटरवर अपघातात गेला. कामाची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांच्याशी संबंध दिसत असेल तर वाटेवरचा अपघातही नोकरीतलाच धरावा, असे न्यायालयाने म्हटले. सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते तत्त्व घेतले आहे. पहाटे तीनच्या रस्त्यावर रखवालदार का होता, याला दुसरे उत्तर नव्हते. सकाळी साडेआठच्या लोकलच्या दारात डोंबिवलीचा कारकून का लटकला, याला रेल्वेचे उत्तर वेगळे असेल, मालकाचे वेगळे. आजवर अशी कुटुंबे रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जात आली आहेत, आणि तिथे मृत्यूची भरपाई 2017 पासून 8 लाख रुपये आहे. त्यांनी उद्या मालकाकडे दावा केला, तर वेळेचा आणि मृत्यूचा संबंध दाखवायला काय पुढे करावे लागेल, आणि लेट मार्कचे रजिस्टर त्यात पुरावा म्हणून चालेल का, हे अजून ठरायचे आहे.